तेल गरम होईपर्यंत

माझ्या साडूंना घरात सगळे टॉर्कराव म्हणतात. नाव मी ठेवलं. आयुष्यात माझ्या हातून झालेली टिकाऊ कामं मोजकीच, त्यांतलं हे एक. टॉर्क म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद, हे त्यांनीच पहिल्या भेटीत आम्हाला सांगितलं. माझ्या सासऱ्यांनी होणाऱ्या धाकट्या जावयाला एवढंच विचारलं होतं की कामाला कसे जाता. बसनं म्हणाले असते तर विषय संपला असता. पण या गृहस्थांनी पाऊण तास टॉर्क आणि हॉर्सपॉवर यांतला फरक समजावला, त्यासाठी टेबलावरची फुलदाणी पिळून दाखवली आणि पाडली. माझी बायको, म्हणजे सासऱ्यांची थोरली, माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत होती. धाकटी मात्र तुकडे गोळा करताना हसत होती. मला वाटलं, स्थळ हातचं गेलं. कसलं जातंय!

धंद्यानं टॉर्कराव चष्म्याच्या काचा घासतात. दुकानाच्या मागे एक अरुंद खोली, तिथे पाण्याची बारीक धार सोडलेलं यंत्र, फ्रेमांचे ट्रे आणि एक उंच स्टूल. पाव नंबरचाही फरक त्यांच्या हातून होत नाही, असं दुकानदार छाती ठोकून सांगतो. लोकांना नीट दिसावं म्हणून हा माणूस दिवसभर खपतो आणि संध्याकाळी डोळ्यांवर कातडं ओढून जुनी गाडी बघायला जातो.

गाडी म्हणजे कुठलीही चालत नाही. युरोपातली हवी, त्यातही जर्मन, चार दारांची, मागची चाकं ढकलणारी, आणि आधी निदान दोघांनी वापरून कंटाळून सोडलेली. नवी गाडी त्यांना वर्ज्य आहे. नवी घेतो तो गिऱ्हाईक, जुनी घेतो तो रसिक, असं ते मला माझ्याच गाडीत बसून ऐकवतात. माझी गाडी त्यांच्या भाषेत 'डबा'. डबा रोज सकाळी सुरू होतो, हा त्यांच्या मते त्याचा कमीपणा. त्यात काही स्वभावच नाही म्हणे.

त्यांच्या गाड्यांना स्वभाव होता. पहिली निळी. तिची डावी काच एकदा खाली गेली ती परत वर आलीच नाही. धाकटीनं एक अख्खा हिवाळा कानाला मफलर गुंडाळून आणि खिडकीला प्लास्टिक चिकटवून काढला. दुसरी चंदेरी. तिला पाच गिअर होते, पण एके दिवशी तिनं दोनच वापरायचे ठरवले. या दोन्ही गाड्यांच्या खाली कायम एक पुठ्ठा पसरलेला असे. टॉर्कराव चहाचा कप घेऊन रोज त्या पुठ्ठ्यावरचे डाग वाचायला उकिडवे बसत. मी एकदा म्हणालो, "गळतंय की हो बरंच."

"साडूभाऊ, गळत नाही. गाडी घाम गाळते," ते म्हणाले. "ज्या दिवशी पुठ्ठा कोरडा दिसेल, त्या दिवशी समजायचं, आत तेलच उरलं नाही."

मी छापखान्यात प्रूफं तपासतो. चुका शोधणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. पण चुकीला घाम म्हणण्याची कला मला तीस वर्षांत जमली नाही.

तिसरी गाडी हिरवी. इतकी गर्द की सावलीत काळी वाटायची. सहा सिलिंडर. ती घ्यायला मी आणि सासरे सोबत गेलो होतो. विकणारा दातांचा डॉक्टर होता. मला वाटलं, आपण गाडी तपासायला आलोय. तिथे उलटंच घोडं! डॉक्टरनं आम्हाला दवाखान्यातल्या बाकावर बसवलं आणि टॉर्करावांची परीक्षा सुरू केली. रोज किती चालवणार? सावलीत उभी करणार का? अंग धुवायला कापड कोणतं? लायक माणूस मिळेपर्यंत त्यानं म्हणे चार गिऱ्हाइकं परत पाठवली होती. मुलगी देताना माझ्या सासऱ्यांनी आम्हा दोघांना मिळून इतके प्रश्न विचारले नव्हते. शेवटी डॉक्टर खुर्चीत पुढे सरकला.

"थंड गाडी सुरू केल्यावर काय करता?"

"तेल नव्वद अंशांवर येईपर्यंत इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या वर नाहीत," टॉर्कराव एका दमात म्हणाले. "काटा नव्वदला टेकला की मग पाय सोडायचा. त्याआधी जो दाबतो, तो खुनी."

डॉक्टर उठला आणि त्यानं टॉर्करावांना मिठी मारली. खरोखर मारली. दोन पोक्त माणसं, एकाच्या गळ्यात मास्क लोंबकळतोय, एकाच्या खिशात चष्म्याचा स्क्रू-ड्रायव्हर, आणि दोघांचे डोळे ओले. मी खिडकीबाहेर बघितलं. सासऱ्यांनी मात्र मान डोलावली. "बरोबर आहे त्यांचं," ते मला म्हणाले. "आमच्या पंपांनासुद्धा गरम व्हायला वेळ द्यावा लागायचा."

हे मला झोंबलं, आणि झोंबलं ते कबूल करतो. सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर पस्तीस वर्षं होते. सासूबाई गेल्यापासून टॉर्करावांच्या घरासमोरच दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांची औषधं मी आणायची, पेन्शनचे फॉर्म मी भरायचे, दात दाखवायला घेऊन मी जायचं. माझ्याशी ते हवापाण्यावर बोलतात. धाकट्या जावयाशी बेअरिंगवर तासभर. दर रविवारी टॉर्कराव त्यांना त्या हिरव्या गाडीतून फिरवून आणत. पुढच्या सीटवर सासरे, मागे धाकटी. परत आल्यावर म्हातारा दहा वर्षांनी लहान होऊन उतरायचा. माझ्या डब्यातून उतरताना त्यांचे गुडघे दुखत.

हिरव्या गाडीचे नियम आता सांगतो, म्हणजे धाकटी कशात राहत होती ते कळेल. आत बसण्याआधी चपला एकमेकींवर आपटायच्या. पाण्याची बाटली बाहेर. दार ओढायचं नाही. टेकवायचं आणि दोन बोटांनी दाबायचं. सीटवर सरकायचं नाही, उचलून बसायचं. आणि निघाल्यावर पहिली दहा-बारा मिनिटं घाई करायची नाही, कारण तेल थंड आहे. ती शिकवते त्या बालवाडीची घंटा होऊ दे, लग्नाचं जेवण आटपू दे, दुकानं बंद होऊ देत, तेल थंड आहे. धाकटी घरातून पंधरा मिनिटं आधी निघायला शिकली. नऊ वर्षं ती तेलाच्या वेळापत्रकानं जगली. मी चेष्टा केली की म्हणायची, "जाऊ दे हो भावजी, दुसरं काही व्यसन नाही त्यांना." बायकांनी नवऱ्याला इतक्या स्वस्तात सोडू नये.

तो रविवारच होता. सकाळचे नऊ-साडेनऊ झाले असतील. मी आणि थोरली डब्यातून नुकतेच टॉर्करावांकडे पोहोचलो होतो. मी चपला काढतोय तोच समोरून धाकटीची हाक आली. हाक नव्हे, किंकाळी. सासरे खोलीच्या दारात खाली बसले होते, पाठ चौकटीला, अंगाला दरदरून घाम, आणि उजव्या हातानं डावा दंड घट्ट धरलेला. तोंडाचा रंग पार उतरला होता. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती दुसरीकडे गेलेली. अर्धा-पाऊण तास लागेल म्हणाले. हॉस्पिटल अकरा किलोमीटरवर.

"माझी गाडी दारातच आहे, गरम आहे, चला," मी म्हणालो.

"डबा?" टॉर्कराव म्हणाले. त्यांच्या हातात किल्ली आधीच आली होती. "अहो, ही सहा सेकंदांत शंभर गाठते. आज नाही वापरायची तर कधी?"

त्या घटकेला ते मला पहिल्यांदाच शहाणे वाटले. मोठी गाडी, मागे आडवं पडायला जागा. आम्ही म्हाताऱ्याला उचललं. मी मागे बसलो आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. धाकटी पुढे बसली, पण पूर्ण मागे वळून, बापाचा हात हातात धरून. थोरली म्हणाली, जुन्या रिपोर्टांची फाइल शोधते, कुलूप लावते आणि डबा घेऊन मागोमाग येते.

गाडी निघाली. रविवारचा मोकळा रस्ता, चिटपाखरू नाही. मी मनात म्हणालो, हं, आता दाखवा तुमचा टॉर्क.

पहिला चौक गेला. दुसरा गेला. गाडी छान, संथ, एका लयीत चालली होती. एका दुधाच्या टेम्पोनं आम्हाला मागे टाकलं. मग एका स्कूटरनं. स्कूटरवर मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर पिंप होतं. धाकटी म्हणाली, "अहो, चला ना लवकर."

"जातोय, जातोय."

मी दोन सीटांच्या मधून पुढे बघितलं. वेग पन्नास. फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या रेघेला शिवत होता आणि मागे येत होता. त्याच्या शेजारी तेलाचा लहान काटा डाव्या कडेला झोपलेला. दोन हजार आले की टॉर्कराव गिअर वर टाकत. अलगद. चष्म्याची काच उचलतात तसे. त्यांच्या कपाळावर घाम होता, डोळे रस्त्यावर आणि मधूनमधून त्या लहान काट्यावर. हा माणूस त्या घटकेला सासऱ्यांवरच्या प्रेमानं अर्धमेला झाला होता, हे मी शपथेवर सांगेन. आणि पाय मात्र दोन हजारांच्या वर जात नव्हता.

"अहो!" धाकटी ओरडली. "बाबांचे डोळे बघा!"

"जातोय ना मी!"

तिसऱ्या चौकात मागून हॉर्न वाजला. डाव्या बाजूनं एक गाडी झपकन पुढे गेली. माझा डबा. थोरली स्टिअरिंगवर वाकून बसलेली, शेजारच्या सीटवर फाइल. तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आमच्यानंतर चार मिनिटांनी निघाली होती.

आम्ही फाटकात शिरलो तेव्हा थोरली स्ट्रेचर आणि दोन माणसं घेऊन पायरीवर उभी होती. "कुठे थांबला होतात तुम्ही?" ती ओरडली. आणि फाटकाच्या त्या वळणावर, ब्रेक दाबता दाबता, टॉर्कराव स्वतःशीच हुश्श करून म्हणाले, "आलं नव्वद."

धाकटीनं ते ऐकलं. ती दार उघडून उतरत होती, ती मध्येच थांबली. एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा त्या काट्याकडे. मग स्ट्रेचरमागे धावत गेली.

सासरे वाचले. नळी बंद झाली होती, ती उघडून आत जाळी बसवली. दोन तास आम्ही चौघं एका लांब बाकावर बसलो होतो. बाकाच्या एका टोकाला धाकटी, दुसऱ्या टोकाला टॉर्कराव, मधे आम्ही दोघं बफरसारखे. टॉर्कराव स्वतःच्या उजव्या पायाकडे बघत होते. एकदा मला हळूच म्हणाले, "मी नाही हो केलं. पायच तो. मला कळलंच नाही." पायाला इतकं शिकवलंत ते कुणी, असं विचारायचं जिभेवर आलं होतं.

डॉक्टर बाहेर आले तसे टॉर्कराव त्यांना आडवे गेले. "डॉक्टर, खरं सांगा. आम्ही पाच-सात मिनिटं आधी आलो असतो तर?"

डॉक्टर दमले होते. "पाच-सात मिनिटांनी यांच्या बाबतीत काही फरक पडला नसता," ते म्हणाले आणि निघून गेले.

टॉर्करावांचा चेहरा उजळला. ते तोंड धुऊन आले. मग त्यांनी ती बातमी थोरलीला सांगितली, मला सांगितली, औषधांच्या खिडकीवरच्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितली. गुन्ह्यातून सुटलेला माणूस पेढे वाटत फिरावा तसं चाललं होतं. शेवटी ते धाकटीसमोर जाऊन उभे राहिले. "ऐकलंस ना? काही फरक पडला नसता."

धाकटी शांतपणे म्हणाली, "पण गाडी चालवताना हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

टॉर्कराव उभे होते तसेच खाली बसले, बाक नव्हता तिथे, जमिनीवरच. मला आत कुठेतरी गार वाटलं. नऊ वर्षं मी जे म्हणत होतो ते आज त्यांच्या बायकोनं म्हटलं होतं. संध्याकाळी धाकटी घरी गेली ती आमच्या डब्यातून. दार तिनं असं धाडकन लावलं की काच हादरली, आणि मी तिला काही बोललो नाही. पुढचे दोन दिवस टॉर्कराव हॉस्पिटलला बसनं येत होते, बसनं जात होते. हिरवी गाडी तिथेच उभी, वर पानं पडलेली. कुणी पुसली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांजवळ बसायची पाळी माझी होती. सहा खाटांची खोली, खिडकीला हिरवा पडदा, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण झोपलेला. सासऱ्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. हातात सलाईनची सुई, आवाज खोल गेलेला, पण डोकं शाबूत. मी त्यांना सफरचंद कापून देत होतो आणि मनात मजकूर जुळवत होतो. गेले दोन दिवस मी तो जुळवतच होतो. कुठून सुरू करायचं, स्कूटरवरचं पिंप कुठे आणायचं, 'आलं नव्वद' कुठे ठेवायचं. म्हाताऱ्याला आता कळायलाच हवं होतं की त्यानं इतकी वर्षं कुणाला डोक्यावर घेतलं.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला बरं वाटलं की एक गोष्ट सांगायची आहे. त्या दिवशी गाडीत..."

"तेल," ते म्हणाले.

मी सुरी खाली ठेवली.

"तेल गरम व्हायचं होतं," सासरे म्हणाले. "मला पडल्या पडल्या कळत होतं. इंजिन वर चढतच नव्हतं. मी बोलणार होतो, पण तोंडातून आवाज निघेना. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं." ते थोडं थांबले, श्वास घेतला. "धाकटी बिचारी मला बघत होती. तिला काटा कुठला दिसणार?"

"तेच तर मी म्हणतोय बाबा! मला सगळं दिसत होतं. वेग पन्नास, फेरे दोन हजार. मी मागे बसून स्वतःच्या डोळ्यांनी..."

सासरे माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. पंपहाऊसमध्ये एखाद्या चांगल्या माणसानं झडप उघडी ठेवून घरी जावं आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारावं, तसं.

"त्यांचं लक्ष तेलावर होतं, ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुमचं कुठे होतं?"

'दाबा' हा एक शब्द पुरला असता. माझं तोंड बंद नव्हतं, माझ्या छातीवर दगड नव्हता. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी टॉर्करावांचा काटा बघत होतो, टेम्पो मोजत होतो, स्कूटर मोजत होतो, आणि मला आनंद होत होता.

सासऱ्यांनी बशी जवळ ओढली आणि सफरचंदाची एक फोड उचलली. "त्यांना बोलवा जरा," ते म्हणाले. "बाहेरच बसलेत ना?"